आजीला फक्त फोन येतात, मग रिचार्ज कशाचं?

"अरे, मी कुणाला फोन करतच नाही. मुलाचा येतो, भाचीचा येतो, तेवढा उचलते. मग दर महिन्याला पैसे कसले?" सदाशिव पेठ असो की हडपसर, रिचार्जच्या दुकानात हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातोय. विचारणाऱ्या आजींच्या हातात बहुतेक वेळा बटणांचा फोन असतो. दुकानदार सांगतो, "आजी, रिचार्ज संपलं की इनकमिंग बंद होतं." तो सांगतो ते खरं आहे, पण असं का, हे त्यातून कळत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे देशातल्या फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, एक आदेश काढला: इंटरनेट नको असलेल्या ग्राहकांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवलाच पाहिजे. अशा पॅकची मुदत पूर्वी जास्तीत जास्त 90 दिवस ठेवता येत होती, ती 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभाही दिली. जानेवारी 2025 पासून असे पॅक मिळू लागले. न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरण्यातून आजींची सुटका झाली, निदान कागदावर. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. फोन दुसऱ्यानं केला, तर घेणाऱ्यानं पैसे का द्यायचे?

निरोपाचे पैसे कुणी द्यायचे आणि ते कशावर मोजायचे, या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. दर वेळी आपली बोलण्याची, कळवण्याची रीतही बदलली. आजींचं रिचार्ज हा त्यातला सगळ्यात ताजा बदल.

पत्रानं अंतर मोजणं आधी सोडलं

1 ऑक्टोबर 1854 पर्यंत हिंदुस्थानात पत्राचा दर अंतरावर ठरे. गाव जितकं लांब, तितका आकार जास्त. त्या दिवसापासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा असा एकच दर लागू झाला. त्यामागचा विचार इंग्लंडमधल्या रोलंड हिल यांचा होता. लंडनहून एडिंबरोला एक पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च पेनीच्या 36 व्या भागाइतकाच पडतो, हे त्यांनी हिशेब करून दाखवलं होतं. खरा खर्च पत्र गोळा करणं, वेगळं काढणं, दारोदार पोचवणं आणि पैसे वसूल करणं यात होता. हा खर्च शेजारच्या गावच्या पत्रालाही तेवढाच येतो, मग अंतराचे पैसे कशाला घ्यायचे?

याच सुधारणेनं दुसरा प्रश्नही सोडवला. पैसे पाठवणाऱ्यानं आधीच भरायचे आणि त्याची पावती म्हणून तिकीट चिकटवायचं. तिकीट नसलेलं पत्र 'बेअरिंग' म्हणून जाई आणि घेणाऱ्याकडून दुप्पट टपालहशील वसूल होई. दारात आलेलं पत्र पैशाअभावी परत करण्याची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांना या फरकाचं मोल नक्कीच कळलं असणार.

1879 मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं आणि पत्र गरिबाच्या आवाक्यात आलं. पुण्यात शिकायला आलेला कोकणातला, मराठवाड्यातला विद्यार्थी घरी कार्ड टाकायचा. सातारा असो की गुवाहाटी, किंमत तीच. जागा मात्र मोजकी. म्हणून वर 'तीर्थरूप', खाली 'लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार', आणि मध्ये जेवढं मावेल तेवढं. लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकू लागे आणि मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून झालं की फाडून टाकत. पैसे कागदाचे होते, शब्दांचे नव्हते. त्यामुळे बारीक अक्षर काढणारी माणसं कडेनं उभ्या ओळी लिहून अख्खं घर त्या कार्डात बसवायची.

तारेचं गणित याच्या बरोबर उलटं. तिथे आकार शब्दांवर, आणि पत्त्यातले शब्दही मोजले जात. तारेच्या वाटेवरून एका वेळी मोजकेच संदेश जाऊ शकत. म्हणून जो जास्त वेळ वाट अडवील, त्यानं जास्त पैसे द्यायचे. ठरीव शुभेच्छांना तर क्रमांकच दिलेले होते. तारवाला दारात दिसला की घरातल्या बायकांच्या पोटात गोळा येई, तोही या दरामुळेच. इतके पैसे खर्चून कळवावं अशी बातमी बहुधा वाईटच असायची. जुलै 2013 मध्ये ही सेवा बंद झाली.

ट्रंक कॉल: बोललात नाही तरी पैसे

टेलिफोननं पुन्हा अंतर मोजायला सुरुवात केली. टपालानं ते सोडून कित्येक दशकं उलटली होती, मग फोनला ते का जमलं नाही? याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तुम्ही पुण्याहून मुंबईला बोलत असाल तेव्हा त्या दोन शहरांमधली एक वाट तेवढा वेळ फक्त तुमची असे. स्वारगेटहून दादरला जाताना एकट्या माणसानं अख्खी एसटी ठरवावी, तसं. तुम्ही गप्प बसलात तरी गाडी तुमच्याच नावावर धावणार. गाडी नागपूरला न्यायची तर आणखी लांब अडकणार. अशा वाटा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. म्हणून आकारणी अंतर आणि वेळ या दोन्हींवर होती. ट्रंक कॉल ऑपरेटरकडे नोंदवायचा, तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग होते. 'पीपी' कॉल म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलणं, त्याचा आकार थोडा जास्त.

1960 मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि ऑपरेटरशिवाय परगावी नंबर फिरवता येऊ लागला. मीटर ठोके मोजायचा. गाव जितकं लांब, तितके ठोके जवळजवळ पडायचे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक गल्लीबोळांत लागले. पुण्याचा कोड तेव्हा 0212 होता, पुढे 020 झाला. कॉलेजांच्या आणि वसतिगृहांच्या आसपासच्या बूथवर रात्री उशिरा रांगा लागत, कारण तेव्हा दर पाव होई. रात्री त्या वाटा रिकाम्या पडून असतात, त्या थोड्या पैशांत दिलेल्या बऱ्या, हा टेलिफोन खात्याचा हिशेब. घरच्यांशी बोलणारी मुलं समोरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायची. 'बाबा कसे आहेत' एवढं विचारून होईपर्यंत आकडा पुढे सरकलेला असायचा. पोचल्याचं कळवायला 'दोन रिंग देऊन ठेवते' असं ठरवून घरोघरी पैसे वाचवले गेले.

परदेशाशी बोलण्याची गोष्ट पुण्याच्या फार जवळची आहे. 1927 मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवण्याचं केंद्र खडकीजवळ आणि घेण्याचं केंद्र दौंडला होतं. 1971 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रहाशी जोडलेलं भूकेंद्र उभं राहिलं. अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना मध्येच एक पोकळी यायची आणि दोघं एकदम 'हॅलो, हॅलो' करायचे, त्याचं कारण या उपग्रहात होतं. तो सुमारे 36,000 किलोमीटर उंचावर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला तेवढाच. लेकराच्या आवाजाआधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता कितीतरी आयांनी जीव मुठीत धरून काढली आहे.

मोबाइल आला आणि घेणारा पुन्हा अडकला

31 जुलै 1995 रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हा मिनिटाचा दर 16 रुपयांच्या घरात होता, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. लँडलाइनवर फोन घेणाऱ्याला त्या कॉलचे पैसे कधीच पडले नव्हते. मग इथे का?

घरापर्यंत आलेली तार एकट्या तुमची असते. मोबाइलचा टॉवर आणि त्याच्या लहरी मात्र त्या भागातल्या सगळ्यांत वाटलेल्या असतात. फोन घेणाराही आपल्या टॉवरची जागा वापरतो, तेव्हा त्यानंही पैसे द्यावेत, असा हिशेब होता. परिणाम असा की मोबाइल असलेले लोक तो उचलायला कचरत.

मे 2003 मध्ये नियम बदलला: जो फोन करील तोच पैसे देईल. घेणाऱ्याच्या कंपनीचं नुकसान भरून काढायला एक शुल्क ठरलं, आयुसी. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो तेव्हा पहिल्या कंपनीनं दुसरीला प्रत्येक मिनिटाला द्यायचे पैसे म्हणजे आयुसी. 2004 पासून ते 30 पैसे होतं, 2009 मध्ये 20 पैसे झालं, 2015 मध्ये 14, ऑक्टोबर 2017 मध्ये 6, आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य.

हे आकडे कंटाळवाणे वाटले तरी आजींच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथेच आहे. समजा 2010 मध्ये आजींना इतर कंपन्यांच्या फोनवरून महिन्याला 300 मिनिटं फोन येत होते. 20 पैशांप्रमाणे त्यांच्या कंपनीला महिन्याला 60 रुपये बसल्या जागी मिळत. आजींनी एकही फोन केला नाही, एक रुपयाही भरला नाही, तरी त्यांचा नंबर कमावता होता. त्यांचे पैसे मुलगा आणि भाची आपल्या बिलातून भरत होते. म्हणून तर 2005 च्या अखेरीस कंपन्या 'लाइफटाइम' कार्ड विकू शकल्या: एकदा पैसे भरा, पुढे इनकमिंग चालू. मिस्ड कॉलचा सुवर्णकाळही हाच. घेण्याला पैसे नाहीत आणि करण्याला आहेत, तर ज्याच्याकडे पैसे कमी त्यानं वाजवून ठेवायचं आणि दुसऱ्यानं उलट करायचा. घरकामाला येणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका, गावाकडचे आजोबा या सगळ्यांनी हा न लिहिलेला करार पाळला.

आयुसी 6 पैशांवर आलं तेव्हा त्याच 300 मिनिटांचे 18 रुपये उरले. 2021 मध्ये काहीच नाही. 2018 च्या अखेरीस मोठ्या जुन्या कंपन्यांनी किमान रिचार्ज सक्तीचं केलं ते याच काळात. ज्या ग्राहकाकडून थेट पैसे येत नव्हते आणि आता दुसऱ्या कंपनीकडूनही येईनासे झाले होते, त्याचा नंबर चालू ठेवायला कंपनी तयार नव्हती. आजींच्या हिश्शाचे पैसे फोन करणाऱ्याकडून येणं थांबलं, म्हणून ते आजींकडे मागितले गेले.

पण हे शुल्क काढलंच का?

एसटी बदलली म्हणून. इंटरनेटवरून आवाज जातो तेव्हा कुणासाठी अख्खी गाडी ठरवत नाहीत. आवाजाचे बारीक तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता घालतात आणि गाडीत जिथे जागा असेल तिथे बसवतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तर ती जागा दुसऱ्याच्या पॅकेटला मिळते. 4जी फोनवरचे साधे कॉलही आता असेच जातात.

आवाजाला जागा लागते तरी किती? डिजिटल लँडलाइनवर आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजतात आणि प्रत्येक मापाला 8 बिट लागतात. हिशेब केला तर एका बाजूच्या एका मिनिटाला अर्ध्या एमबीहून कमी. रोज दीड जीबी देणारा पॅक घेतला, तर त्यात दोन्ही बाजूंचं मिळून सुमारे 26 तासांचं बोलणं मावेल. दिवस 24 तासांचाच असतो! पॅकेटवरच्या पत्त्यांना थोडी जागा लागते, पण आजची तंत्रं आवाज याहून कितीतरी कमी जागेत बसवतात. तेव्हा मिनिट मोजण्यात अर्थ उरला नाही.

2016 मध्ये जिओ आली ती हेच तंत्र घेऊन, कॉल मोफत ठेवून. तिच्या ग्राहकांचे बाहेर जाणारे कॉल जास्त होते, त्यामुळे आयुसी तिला नको होतं. जुन्या कंपन्यांकडे येणारे कॉल जास्त होते, त्यांना ते हवं होतं. ट्रायनं शेवटी ठरवलं की प्रत्येक कंपनीनं आपल्या ग्राहकाकडून घ्यावं आणि आपल्याकडेच ठेवावं. तंत्राच्या दृष्टीनं हा निर्णय समजण्यासारखा आहे. त्याची किंमत सर्वांत कमी फोन करणाऱ्यांवर पडली, आणि याची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही असं माझं ठाम मत आहे.

कॉल इतका स्वस्त, तर पैसे कशाचे?

टॉवर, त्याची वीज, माणसं, आणि लहरी वापरण्याच्या हक्काचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे. 2022 च्या लिलावात कंपन्यांनी स्पेक्ट्रमसाठी दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. तुम्ही बोला किंवा न बोला, हा खर्च होतोच. आज आपण जे भरतो ते बोलण्याचे पैसे नाहीत. कुणी कधीही हाक मारली तर ती पोचावी, याचे ते पैसे आहेत.

यावर कुणी म्हणेल, लँडलाइनलाही दरमहा भाडं होतंच की. खरं आहे. नंबर चालू ठेवायला काहीतरी द्यावं लागणं ही नवी गोष्ट नाही, आणि मला ती अन्यायाचीही वाटत नाही. अन्याय वेगळा होता: बटणांच्या फोनवर जे चालतच नाही ते इंटरनेट गळ्यात बांधून त्याचे पैसे घेणं. 2024 चा आदेश नेमका यावरच बोट ठेवतो.

दुसरी शंका मुदतीची. 28 दिवसांचा महिना केला की वर्षाला 12 ऐवजी 13 रिचार्ज होतात. ट्रायनं जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक तरी 30 दिवसांचा ठेवायला सांगितलं, पण दुकानातल्या फलकावर ठळक दिसतात ते 28 आणि 84 चेच आकडे.

आणि व्हॉट्सअ‍ॅप तर फुकट आहे ना? निरोप नेण्याचे वेगळे पैसे व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडून घेत नाही, ग्राहकांना संदेश पाठवणाऱ्या कंपन्यांकडून घेतं. पण पाठवलेला व्हिडिओ उतरवून घेताना खर्च होणारा डेटा घेणाऱ्याचाच असतो. सकाळी सकाळी गटावर पडलेल्या फुलांच्या चित्रांचं टपालहशील थोडं थोडं प्रत्येक जण भरतो, चित्र नको असलं तरीही.

आजींसाठी दुकानात काय विचारावं

"फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक कोणता?" असं स्पष्ट विचारा. तो दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. किमतीला दिवसांनी भागा आणि रोजचा खर्च काढा. मोठ्या मुदतीचा पॅक दरवेळी स्वस्तच पडतो असं धरून चालू नका. इंटरनेटच्या सगळ्यात छोट्या पॅकशीही तुलना करा, कधी कधी फरक फार थोडा निघतो.

रिचार्ज लांबलं म्हणून नंबर सोडून देऊ नका. 90 दिवस नंबर अजिबात वापरात नसेल तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत आणखी 30 दिवस वाढवण्याची सोय नियमांत आहे. आजींच्या बँकेचे ओटीपी, पेन्शनचे निरोप, गॅसची नोंदणी, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं असतं. नंबर बंद पडू द्यायचाच असेल तर आधी ही सगळी ठिकाणं बदलून घ्यावीत.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची झाली, तर आधी आजींचा फोन हातात घेऊन पाहा. जुना बटणांचा फोन फक्त 2जीवर चालत असेल तर जिओचं कार्ड त्यात चालणार नाही, कारण त्या कंपनीचं 2जी जाळंच नाही. तसे फोन एअरटेल, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएलवर चालतात. आजी वर्षातले दोन महिने गावी राहत असतील, तर वर्षाचा पॅक घेण्याआधी त्या कंपनीची रेंज गावातल्या घरात, ओसरीवर आणि मागच्या खोलीतही येते का, हे एकदा फोन लावून बघा.